औषध टोचून घेणाऱ्यांचा सुलभ दवाखाना

नशेची सुई टोचून घेणाऱ्या लोकांनाही खोकला होतो, ताप येतो, दात दुखतात आणि जखमा चिघळतात, ही बाब आरोग्य खात्याच्या निदर्शनास आली. ती कोणी आणून दिली हे कळू शकले नाही. पण एकदा निदर्शनास आल्यावर तिच्याकडे कानाडोळा करणे खात्याला जड जाऊ लागले. इतर दवाखान्यांत या लोकांना कोणी दारात उभे करत नाही, केलेच तर बाकीचे पेशंट बाकावर सरकून बसतात आणि सरकता सरकता घरी निघून जातात, असेही आढळले. तेव्हा अशांसाठी एक वेगळा दवाखाना काढावा, तिथे सहज जाता यावे, कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत, असे ठरले. ठरले ते चांगलेच ठरले. इथपर्यंत कोणाचीही चूक नाही. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण यापुढेही कोणाची चूक सापडणार नाही.

मूळ योजना परक्या भाषेत होती. ती भाषांतर अधिकाऱ्यांकडे गेली. भाषांतर अधिकारी शुद्ध भाषेचे कैवारी होते. ‘टेबल’ हा शब्द ऐकला तरी त्यांना ठसका लागे. ‘ड्रग’ या शब्दाशी ते अडले. त्यांनी कोश उघडला. कोशात पहिला अर्थ ‘औषध’ असा दिला होता. दुसरा अर्थ पुढच्या पानावर होता. पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि पान उलटायचे राहून गेले. अशा रीतीने ‘औषध टोचून घेणाऱ्यांचा सुलभ दवाखाना’ अस्तित्वात आला.

दवाखान्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, एका बाईचे शिवणकामाचे दुकान होते. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि कपडे बदलायला पडदा लावलेला कोपरा. सगळी गल्ली तिला ताई म्हणत असे, कारण तिचा धाकटा भाऊ दिवसभर ‘ताई, ताई’ करत दुकानाच्या पायरीवर बसलेला असायचा. हा भाऊ इतका वाळला होता की गल्लीने त्याचे नाव सुतळी ठेवले होते. सुतळी पाट्या रंगवायचा. अक्षर असे वळणदार की लोक दुकानाचे नाव वाचायला थांबत आणि मग लाजेकाजेस्तव काहीतरी विकत घेऊन जात. पण काही वर्षांपूर्वी त्याला सुईची संगत लागली आणि तेव्हापासून पाट्या कमी झाल्या, पायरी जास्त झाली. ताईने देव पाण्यात ठेवले, शपथा घातल्या, एकदा बसायचा पाट उचलून मारलेही. शेवटी तिने हात टेकले आणि त्याला पायरीवर तरी आपल्या डोळ्यांसमोर बसू दिले.

दवाखान्याची पाटी रंगवायचे काम सुतळीलाच मिळाले. तो शिडीवर चढला तेव्हा ताईच्या लक्षात आले, की तो शिडी धरायला डावा हात वापरत नाही. कोपराने कसाबसा तोल सावरतोय. खाली उतरल्यावर तिने त्याची बाही वर सारली. कोपराच्या आत लिंबाएवढा लालभडक फोड होता.

“हे कधीपासून?”

“बसेल आपोआप,” सुतळी म्हणाला. मग पाटीकडे बघून खुदकन हसला. “ताई, वाच तरी. औषध टोचून घेणाऱ्यांचा! इतकी वर्षं तू त्याला काय काय म्हणालीस. सरकार बघ, औषध म्हणतंय.”

“शहाणाच आहेस. चल, आता त्याच सरकारला हात दाखव.”

दवाखाना उघडायच्या आधी ती त्याला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली होती, हे इथे सांगायला हवे. तिथल्या माणसाने बाहीकडे एक नजर टाकली आणि फार आनंदाने सांगितले, “तुमच्यासाठी आता खास दवाखाना उघडतोय. तिकडेच जा.” यापूर्वी रुग्णालयातले लोक अशांना नुसतेच हाकलत असत. आता हाकलण्याला पत्ता मिळाला होता.

दवाखाना उघडला तो झकास. गार हवा, मऊ खुर्च्या, चहाचे यंत्र, मधल्या टेबलावर मासिकांची चळत. भिंतीवर ‘येथे कोणालाही कमी लेखले जात नाही’ असे लिहिले होते. तेही सुतळीनेच रंगवले होते. ताई त्याला घेऊन आत शिरली, तर हॉल आधीच भरलेला. आणि भरला होता तो कोणी? पाटी वाचून जे जे औषध टोचून घेत होते, ते सगळे आले होते. इन्सुलिन घेणारे होते, गुडघ्यात सुई घेणारे होते, गालावरच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून सुया घेणाऱ्या एक बाई होत्या, आणि दंड फुगवणारे व्यायामशाळेचे मालक होते. सगळी घरंदाज मंडळी. त्यांनी सुतळीला बघितले आणि सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज झाला.

खिडकीवर कारकून होता. माणूस वाईट नव्हता. नियमावर त्याचे मनापासून प्रेम होते, आणि प्रेमात माणूस जरा आंधळा होतो एवढेच.

“कोणतं औषध टोचता?” त्याने विचारले.

सुतळीने खरे ते सांगितले.

“अहो, ते औषध नाही,” कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला. “औषध म्हणजे ज्यानं बरं वाटतं ते.”

“मला त्यानंच बरं वाटतं, साहेब.”

कारकून विचारात पडला. मग म्हणाला, “डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे का? नाही ना? मग ते व्यसन झालं. आणि व्यसनी माणसाला या दवाखान्यात कुठं बसवू मी? नियमच नाही.”

“साहेब, हात बघा हो त्याचा,” ताई म्हणाली. “व्यसन राहू द्या बाजूला. फोड तर फोडच आहे ना?”

“फोड बघायला नंबर लागतो. नंबर औषधवाल्यांना.” मग त्याला खरेच कणव आली असावी. “एक करा. हा निर्व्यसनी आहे असा कोणा प्रतिष्ठित माणसाचा दाखला आणा. मग त्याला मी ‘इतर’मध्ये घालतो.”

आतल्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. दार उघडे होते, त्यांना सगळे ऐकू येत होते. त्या बाहेर आल्या, सुतळीच्या हाताकडे त्यांनी लांबूनच पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे लवकर कापून पू काढायला हवा,” त्या ताईला हळूच म्हणाल्या. “उशीर झाला तर विष वर चढेल. मग हात ठेवता येणार नाही.”

“मग काढा ना, बाई!”

“चिमटासुद्धा नंबरावर निघतो हो. नंबर आला नाही तर कपाटच उघडत नाही. मला दिसतंय, पण मला दिसलं असं मला म्हणता येत नाही.” आणि त्या खाली मान घालून आत गेल्या. त्यांना नोकरीला चिकटून फार दिवस झाले नव्हते.

प्रतिष्ठित माणूस शोधायला लांब जावे लागले नाही. हॉलमध्ये पहिल्याच खुर्चीवर निवृत्त हेडसर बसले होते. त्यांना साखरेचा आजार होता, म्हणून ते औषधवाले. ताई आणि सुतळी दोघेही त्यांच्याच शाळेत शिकलेले. शाळेच्या फाटकावर ‘नेहमी खरे बोलावे’ ही अक्षरे सुतळीने शाळकरी वयात रंगवली होती, आणि हेडसरांनी तेव्हा त्याची पाठ थोपटली होती. हेडसर मूळचे मऊ. त्यांनी सुतळीकडे पाहिले, दोनदा खाकरले आणि लिहून दिले: ‘सदर इसम माझ्या परिचयाचा असून पूर्णपणे निर्व्यसनी आहे.’ खाली झोकदार सही केली. मग रुमालाने हात पुसले, जणू शाई लागली होती.

ताई दाखला घेऊन खिडकीशी गेली, तोवर खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा खात्याचे शुद्धिपत्रक आले होते. भाषांतर अधिकाऱ्यांनी एकदाचे पान उलटले होते.

शुद्धिपत्रकात म्हटले होते, की ‘औषध’ या शब्दाऐवजी सर्वत्र ‘अमली पदार्थ’ असे वाचावे, आणि यापुढे हा दवाखाना केवळ व्यसनी व्यक्तींसाठीच राहील. ताईला आनंदाने रडू फुटले. तिने मशीनवरचा अर्धवट सदरा तसाच टाकला आणि सुतळीला ओढत घेऊन गेली. फोडाच्या लिंबाचे आता मोसंबे झाले होते आणि सुतळीच्या अंगात कणकण होती.

हॉलमध्ये मात्र कोणीही उठलेले नव्हते. सगळे आपापल्या खुर्चीवर होते. गार हवा, चहा आणि रांगेशिवाय तपासणी यांची एकदा सवय लागली की ती सुटत नाही, आणि नेमके हेच त्यांच्या कामी आले. हेडसर खिडकीशी उभे राहून आपले निवेदन वाचून दाखवत होते.

“‘मी एक पदार्थ सुईने टोचून घेतो. तो घेतल्याशिवाय माझा एक दिवसही जात नाही. अनेकदा प्रयत्न करूनही मला तो सोडता आलेला नाही.’” हेडसरांनी चष्मा सारखा केला. “यात एक अक्षर खोटं नाही.”

“राहवत नाही म्हणजे व्यसनच ते,” कारकून म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. गालवाल्या बाईंचाही शिक्का झाला. सुई चुकली की त्यांना आरशात बघवत नसे. व्यायामशाळेच्या मालकांनी तर नुसता दंड दाखवला. अशा रीतीने त्या शहरातल्या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींची व्यसनी म्हणून रीतसर नोंद झाली, आणि चहाच्या यंत्रात त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा सुरू करण्यात आला.

मग ताईची पाळी आली. कारकुनाने तिच्या हातातला दाखला घेतला, वाचला आणि हळहळला.

“अरेरे. हा तर निर्व्यसनी आहे.”

“कोण? हा?” ताईने सुतळीकडे बोट केले. सुतळी भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे दात वाजत होते.

“हेडसरांची सही आहे. हेडसर खोटं लिहितील?”

“साहेब, तुम्हीच सांगितलं होतं आणायला!”

“तेव्हा बरोबर सांगितलं होतं. आता नियम बदलला. हा दवाखाना फक्त व्यसनी लोकांसाठी आहे. निर्व्यसनी माणसाला मी इथं घुसवला, तर या बिचाऱ्यांवर,” त्याने हॉलकडे हात केला, “अन्याय होईल.”

ताई शिवणकामात मुरलेली बाई. शिवण उसवायची तर कुठून धरावी हे तिला कळत होते.

“थांबा,” ती म्हणाली. “हेडसर आता व्यसनी आहेत ना? शिक्का झाला?”

“झाला.”

“मग व्यसनी माणसाच्या सहीचा दाखला तुम्ही कसा धरता? तो रद्द. दाखला रद्द, म्हणजे माझा भाऊ व्यसनी. द्या नंबर.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. कारकूनसुद्धा क्षणभर कौतुकाने तिच्याकडे बघत राहिला. पण तो इतक्या वर्षांचा कारकून होता.

“सही केली तेव्हा हेडसर निर्व्यसनी होते,” तो म्हणाला. “काल केली. व्यसनी ते आज झाले.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने आपली बोटे त्याच्यासमोर धरली. टोकांना सुया लागून लागून ती खरखरीत झाली होती. “मग माझं नाव घाला. मीही रोज टोचून घेते.”

“सुईत काय असतं?”

“दोरा.”

“दोरा अमली नाही,” कारकून खेदाने म्हणाला.

आता ताईचा धीर सुटला. ती तिथेच खुर्च्यांच्या मधोमध फरशीवर बसली आणि रडू लागली. तिला हॉलचा राग आला होता, सरकारचा आला होता, सर्वांत जास्त सुतळीचा आला होता. आणि त्याच सुतळीने आपल्या चांगल्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तिला आणखी रडू आले. “चल ताई, घरी जाऊ,” तो म्हणाला. “एका हातानंही पाटी रंगवता येते.” त्याच्या दंडावर लाल रेघ चढलेली आतल्या दारातून डॉक्टरीणबाईंना दिसली.

“काहीतरी वाट काढा हो,” त्या कारकुनाला म्हणाल्या. “इतके नियम आहेत, त्यात एक तरी याच्या कामाचा असेल.”

असे कोणी कारकुनाला आजवर म्हटले नव्हते. नियम अडवायला लागतात हे सगळ्यांना माहीत असते. ते उघडायलाही लागत असतील अशी आशा त्याच्याकडे कोणी धरली नव्हती. तो आत गेला, सगळे कागद खालीवर केले आणि घाम पुसत, पण लकाकत्या डोळ्यांनी बाहेर आला.

“आहे! व्यसनी माणसाच्या घरच्यांचे फार हाल होतात, म्हणून त्याच्यासोबत आलेल्या एका निर्व्यसनी नातेवाइकाला इथं तपासायचं असं कलम आहे. हा निर्व्यसनी आहेच, दाखला आहे. आता फक्त कोणीतरी व्यसनी माणसानं याला आपला नातेवाईक म्हणायचं. बस्स!” आणि त्याने हॉलकडे पाहून विचारले, “हा कोणाचा आहे?”

हॉलमधल्या नजरा चहाच्या यंत्राकडे वळल्या. ताई उठून हेडसरांसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, तुम्ही म्हणा. भाचा आहे म्हणा.”

हेडसर गोरेमोरे झाले. “अगं, पण लोक काय म्हणतील? हेडसरांचा भाचा सुई घेतो?”

“सर, तुम्ही स्वतःच व्यसनी आहात. आत्ताच शिक्का मारून घेतलात.”

“ते कागदावर गं! कागदावर माणूस काहीही असतो. भाचा म्हणजे… भाचा घरी येतो. लग्नाकार्यात दिसतो.”

सुतळीला आता उभे राहवत नव्हते. तो घसरत घसरत भिंतीशी बसला आणि बाही वर गेली. हेडसरांनी तो हात पहिल्यांदाच जवळून पाहिला. त्यांनी मासिक मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. शाळेच्या फाटकावरची ती अक्षरे त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावीत, कारण ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा चोरी करायला निघालेल्या माणसासारखा झाला होता.

“माझा भाचा आहे,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की कारकुनाला पुन्हा विचारावे लागले. तेव्हा हेडसर चिडले आणि वर्गात ओरडत तसे ओरडले, “भाचा आहे माझा! सख्ख्या बहिणीचा! द्या नंबर!”

नंबर आला. कपाट उघडले, चिमटा निघाला. डॉक्टरीणबाईंनी फोड कापला, पू काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. सुतळीने तोंडात रुमाल कोंबला होता. सगळे झाल्यावर त्यांनी विचारले, “आणखी कुठं काही दुखतं का?” सुतळी बावचळला. असे त्याला वर्षानुवर्षे कोणी विचारले नव्हते, त्यामुळे उत्तर तयार नव्हते. मग त्याने भीत भीत सांगितले, की एक दाढ दुखते आणि खोकला जात नाही. त्यांनी छातीला नळी लावली, घसा बघितला. सुई घेतो म्हणून एकही शब्द बोलल्या नाहीत. घेतोसच तर निदान दर वेळी नवी कोरी घे, ती इथेच मिळेल, तेवढे म्हणाल्या. सुतळीने मान डोलावली आणि दुसरीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

“हात वाचला,” डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या. “पण जखम आतून भरून येईपर्यंत रोज पट्टी बदलायची. रोज म्हणजे रोज. खंड पडला तर पुन्हा पहिले पाढे.”

ताईने हेडसरांना वाकून नमस्कार केला. हेडसर ‘असू दे, असू दे’ म्हणाले, आणि घरी कोणाला सांगू नकोस असेही म्हणाले. सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच कारकून खिडकीतून डोकावला. त्यालाही फार वाईट वाटत होते.

“ताई, एक राहिलं. एका व्यसनी माणसामागे नातेवाइकाला एकदाच तपासता येतं. हेडसरांचा भाचा आज झाला. उद्यासाठी दुसरं कोणीतरी लागेल. परवासाठी तिसरं.” मग तो आशेने म्हणाला, “हॉल तर भरलेला आहे.”

ताई हॉलच्या मधोमध उभी राहिली. आता ती रडत नव्हती. तिने पदराने तोंड पुसले आणि एकेकाकडे बघत विचारले, “उद्या याला आपला कोण म्हणेल?”

एका क्षणात सगळ्यांच्या हातांत मासिके आली. गालवाल्या बाईंनी दागिन्यांच्या जाहिरातीत डोके घातले. व्यायामशाळेच्या मालकांनी मासिक उलटे धरले होते, पण वाचनात खंड पडू दिला नाही. हेडसरसुद्धा आपले आज झाले या समाधानाने कोडे सोडवू लागले. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक जण होता. तो अगदी तल्लीन होऊन कुठल्याशा दवाखान्याची गोष्ट वाचत होता, मधून मधून गालातल्या गालात हसत होता, आणि चेहऱ्यावरून तरी भला माणूस वाटत होता. ताई त्याच्यासमोर जाऊन थांबली.

“तुम्ही?”

“हो, हो, बघू या,” तो मान वर न करता म्हणाला. “एवढी एक गोष्ट वाचून होऊ द्या.”

गोष्ट वाचून झाली. ताई अजून समोर उभी आहे.